‘बरं आहे’ला किती गुण?
पक्षाघातानंतरचं जगणं मोजणाऱ्या प्रश्नावल्या वाचताना

(रत्नागिरीत झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आपल्याकडे अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ असं म्हणतात. डॉक्टर ‘स्ट्रोक’ म्हणतात, वर्तमानपत्रं ‘पक्षाघात’ लिहितात, पण घरात बोलताना वारंच जातं. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते आणि शरीराची एक बाजू, बऱ्याचदा बोलणंही, आपल्या हातातून निसटतं. मग इस्पितळ, मग घर. घरी आल्यावर शेजारी विचारतात, ‘आता कसं आहे?’ आणि उत्तर ठरलेलं असतं, ‘बरं आहे.’ या ‘बरं आहे’चा आकडा करायचा उद्योग जगभर गेली साठेक वर्षं चालू आहे. आज आम्ही त्याच उद्योगाबद्दल बोलणार आहोत.

आम्ही म्हणजे तिघं. एक जण फिजिओथेरपिस्ट, एक जण शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, आणि तिसऱ्या बाईंनी नवऱ्याचं हे आजारपण सात वर्षं काढलं. बोलतोय एकच, म्हणणं तिघांचं आहे. आधीच सांगून ठेवतो, आम्ही संशोधन केलेलं नाही. ओळखीच्या काही घरांत गेलो, या प्रश्नावल्या तिथं बसून मोठ्यानं वाचल्या, आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यातून टक्केवारी निघत नाही. पण एखादं पुस्तक वाचून जसं त्यावर मत होतं, तसं आमचं या प्रश्नावल्यांवर झालं. त्याही शेवटी कोणीतरी लिहिलेल्याच आहेत, कुठल्या तरी गावात बसून, कुठलं तरी घर डोळ्यांपुढे ठेवून.

सगळ्यात जुन्यापासून सुरुवात करू. १९५७ साली स्कॉटलंडमध्ये डॉ. जॉन रँकिन यांनी साठीपुढच्या पक्षाघाताच्या रुग्णांवर लिहिताना त्यांना काही पायऱ्यांत बसवलं. पुढे तिच्यात बदल झाले आणि आज शून्य ते सहा अशी ती मोजपट्टी वापरतात. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. दोन म्हणजे पूर्वीची सगळी कामं जमत नाहीत, पण स्वतःचं स्वतः निभावतं. तीन म्हणजे थोडी मदत लागते, पण आधाराशिवाय चालता येतं. पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला. सहा म्हणजे मृत्यू. एका माणसाचं अख्खं जगणं एका आकड्यात बसवायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार? आमची रँकिनसाहेबांबद्दल तक्रार नाही. मूळ उद्देश साधा होता, कोण कितपत सावरलं हे सांगण्याचा. तक्रार आहे ती नंतरच्यांनी या आकड्यावर टाकलेल्या ओझ्याबद्दल.

१९६५ मध्ये अमेरिकेत मेरीलँडला फ्लॉरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल या दोघींनी दहा बाबींची यादी छापली. जेवण १० गुण, आंघोळ ५, दाढी-केस-दात ५, कपडे १०, शौचावर ताबा १०, लघवीवर ताबा १०, संडासचा वापर १०, खाटेवरून खुर्चीत १५, सपाटीवर चालणं १५, जिना १०. बेरीज १००. आजही आपल्याकडे फिजिओथेरपीच्या विभागात हाच कागद सर्वांत जास्त भरला जातो, कारण पाच मिनिटांत भरून होतो.

आता हा कागद आपल्या घरात आणू. जेवणाच्या बाबीत ५ गुण कोणाला? ज्याला कापून द्यावं लागतं, पावाला लोणी लावून द्यावं लागतं, त्याला. आम्ही हे वाचलं तेव्हा समोरच्या आजी हसल्या. त्यांच्या आयुष्यात पावाला लोणी लावायचा प्रसंग आलेला नाही. भात कालवून घास करणं ही हाताची वेगळीच कारागिरी आहे, त्यात पाची बोटं लागतात, आणि ती या कागदात नाही. पण खरी गोष्ट त्याच्याही पुढे आहे. उजवी बाजू गेलेला माणूस डाव्या हातानं जेवायला शिकतो. बार्थेल त्याला पूर्ण १० देते, आणि शरीरापुरतं ते बरोबरही आहे. तो माणूस मात्र पंगतीला जाणं सोडतो. आमच्या तिसऱ्या सहकारी सांगतात, त्यांचे यजमान घरी व्यवस्थित डाव्या हातानं जेवायचे. पण सख्ख्या पुतण्याच्या लग्नात ‘भूक नाही’ म्हणून गाडीत बसून राहिले. डावा हात कशासाठी वापरतात हे आपण सगळे जाणतो, आणि ताटात तोच हात घालताना लोक बघतात हे त्यांनाही ठाऊक होतं. मेरीलँडमध्ये हा प्रश्न कोणाच्या डोक्यात येण्याचं कारणच नव्हतं.

जिन्याचं घ्या. १०० पैकी १० गुण. म्हणजे ज्याला बाकी सगळं येतं आणि फक्त चढउतार जमत नाही, त्याला ९० मिळतात. शाळेत ९० मिळालेल्या पोराच्या घरी पेढे वाटतात. (हशा.) आता आपल्या गावाकडची वाडी आठवा. घर डगरीवर, रस्ता खाली, आणि मध्ये जांभ्या दगडाची पाखाडी. वीस-पंचवीस पायऱ्या, सगळ्या वेगवेगळ्या उंचीच्या, धरायला कठडा नाही. ज्याला पाखाडी उतरता येत नाही त्याला दुकान नाही, देऊळ नाही, एसटीचा थांबा नाही, बँक नाही. ओटा आणि खळं एवढंच त्याचं जग. हे ९० गुण म्हणजे घरात कोंडलेला माणूस.

त्यातही ऋतू. रत्नागिरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. जांभ्यावर शेवाळ धरतं, धडधाकट माणूस घसरतो. एप्रिलमध्ये काठी घेऊन देवळापर्यंत जाणारा माणूस जुलैत ओट्यावरून हलत नाही. त्याच्या मेंदूत, पायात काहीही बदललेलं नसतं. बहुतेक प्रश्नावल्या ‘गेल्या आठवड्यात’ किंवा ‘गेल्या महिन्यात’ काय जमलं ते विचारतात. कोणता आठवडा? पावसाळ्याआधी एकदा आणि पावसात एकदा मोजलं तर उपचारानं माणूस बिघडला असा निष्कर्ष निघेल, आणि उलट क्रमानं मोजलं तर फुकटचं श्रेय मिळेल. कोकणात मोजणाऱ्यानं कागदावर महिना ठळक लिहावा, एवढी तरी मागणी अवाजवी नाही.

बार्थेलबाईंना दोष देण्याआधी एक सांगायला हवं, कारण हे फार लोक वाचत नाहीत. त्या दोघींनी त्याच लेखात स्वच्छ लिहून ठेवलं होतं, की १०० गुण मिळवणारा माणूस एकटा राहू शकेलच असं नाही. त्याला स्वयंपाक, घर सांभाळणं, लोकांत वावरणं जमेलच असं नाही. फक्त त्याला सतत मदतनीस लागणार नाही, इतकंच. म्हणजे मापाच्या मर्यादा माप बनवणाऱ्यांनीच सांगितल्या होत्या. पुढे वापरणाऱ्यांनी तेवढा परिच्छेद गाळला. मराठीतल्या बऱ्याच ग्रंथांचंही हेच होतं म्हणा, प्रस्तावना कोणी वाचत नाही.

नंतरच्या पिढीला हे कळलं. हातपाय हलणं वेगळं आणि जगणं वेगळं, हे ऐंशीच्या दशकापासून मोजमापवाले मान्य करू लागले. इथे ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ हा शब्द येतो, आणि आमच्या मराठीच्या सरांचा पहिला आक्षेप इथेच आहे. याला मराठीत काय म्हणायचं? ‘जीवनमान’ म्हटलं की फ्रीज, गाडी, पगार डोळ्यांपुढे येतात. ‘जीवनाची गुणवत्ता’ म्हटलं की दहावीची गुणवत्ता यादी. ‘जगण्याचा दर्जा’ म्हटलं की रेशनचा तांदूळ. आम्ही एका घरात ‘तुमच्या जगण्याच्या दर्जाबद्दल काय वाटतं?’ असं विचारलं, तर आजोबा म्हणाले, ‘आमचा दर्जा पहिल्यापासूनच बेताचा.’ त्यांना वाटलं आम्ही त्यांची ऐपत काढतोय. जागतिक आरोग्य संघटनेनं नव्वदच्या दशकात या संकल्पनेची व्याख्या करताना म्हटलं, की आपल्या संस्कृतीच्या आणि मूल्यांच्या चौकटीत, आपल्या अपेक्षांच्या तुलनेत, आपण कुठे आहोत असं माणसाला स्वतःला वाटतं, ते म्हणजे हे. व्याख्या चांगली आहे. त्यांच्या २६ प्रश्नांच्या छोट्या प्रश्नावलीत शरीर, मन, नाती आणि भोवतालची परिस्थिती असे चार भाग आहेत, त्यात परिस्थितीला जागा दिली हे विशेष. पाखाडी निदान तिथे तरी कुठेतरी मावते.

पण सर्रास वापरली गेली ती दुसरीच, अमेरिकेतून आलेली ३६ प्रश्नांची एसएफ-३६. १९९२ मध्ये ती छापून आली. तिच्यात मध्यम कष्टाची कामं कोणती? टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग किंवा गोल्फ खेळणं. (हशा.) हसू नका, यावरून जगभर हजारो शोधनिबंध निघालेत. भाषांतर करताना गोल्फच्या जागी दुसरं काही घालतात, हे खरं. भाषांतराची पद्धतही ठरलेली आहे. एकानं इंग्रजीचं मराठी करायचं, दुसऱ्यानं मूळ न बघता त्या मराठीचं पुन्हा इंग्रजी करायचं, आणि दोन्ही इंग्रजी जुळवून बघायची. आमच्या सरांचं म्हणणं असं, की या कसोटीत पास होणारं मराठी हे नेमकं बोलायला वाईट मराठी असतं. जे वाक्य सहज इंग्रजीत परत जातं ते मुळात मराठीत आलेलंच नसतं. ‘हातानं भाताचा घास होतो का?’ हा प्रश्न परत इंग्रजीत जाणार नाही, म्हणून तो बाद. चुकीच्या भाषांतरापासून ही पद्धत वाचवते, तेवढं तिचं काम आहे. प्रश्न मुळात चुकीच्या घरात विचारला जातोय, यापासून ती वाचवू शकत नाही.

१९९९ हे वर्ष या विषयात महत्त्वाचं. त्या वर्षी अमेरिकेत खास पक्षाघातासाठीच्या दोन प्रश्नावल्या आल्या. एक कॅन्ससच्या पामेला डंकन यांच्या गटाची स्ट्रोक इम्पॅक्ट स्केल, दुसरी इंडियानाच्या लिंडा विल्यम्स यांच्या गटाची ४९ प्रश्नांची. या दोन्ही आम्हाला मनापासून आवडल्या, हेही सांगतो. रुग्णांशी आणि सांभाळणाऱ्यांशी बोलून त्या केल्या आहेत. थकवा, चिडचिड, विसरणं, शब्द न सुचणं, घरातली जागा गमावणं, हे सगळं त्यांत आहे. स्वभाव बदलला का, असं विचारणारा भाग आहे. घरच्यांना विचारा, पक्षाघातानंतर ‘हा माणूस पहिल्यासारखा राहिला नाही’ हे दुःख लुळ्या हातापेक्षा मोठं असतं. ते मोजण्यालायक आहे असं कोणाला तरी वाटलं, ही मोठी गोष्ट.

पण बारकावे पुन्हा त्याच घरातले. पहिलीत हाताची परीक्षा काय? दाराची मूठ फिरवणं, डबा किंवा बरणी उघडणं, बुटाची नाडी बांधणं, छोटं नाणं उचलणं. दुसरीत पायमोजे, बटणं, चेन. आमच्याकडे दाराला कडी, पायात चप्पल. खालगी जागेवर बसणं-उठणं नाही, आणि आपल्याकडे सगळं आयुष्य जमिनीवर.

एका काकूंकडे गेलो होतो. साठीच्या पुढच्या, उजव्या बाजूवरून वारं गेलेलं, दीड वर्ष झालेलं. चालतात, आंघोळ स्वतः करतात, साडीऐवजी गाउन घालतात पण स्वतः घालतात. बार्थेल काढला तर ९५ येईल. घरचे म्हणाले, ‘आता एकदम बऱ्या आहेत.’ आम्ही प्रश्न विचारत गेलो, त्या ‘येतं’, ‘येतं’, ‘तसा त्रास नाही’ म्हणत गेल्या. चहा झाला. आम्ही उठलो तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, ‘नारळ सून खोवते.’

एवढंच बोलल्या. पण ज्यांनी कोकणातलं स्वयंपाकघर बघितलंय त्यांना यातलं सगळं कळेल. विळीवर बसायचं म्हणजे जमिनीवर बसायला हवं, एक पाय पाटावर दाबून धरायला हवा, आणि दोन्ही हातांनी वाटी फिरवायला हवी. उजव्या अंगात जोर नसला की यातलं काही होत नाही. नारळ खोवता येत नाही म्हणजे वाटण आपल्या हातचं नाही, वाटण आपलं नाही म्हणजे आमटी आपली नाही, आणि चाळीस वर्षं ज्या खोलीत आपला शब्द चालला तिथे आता आपण पाहुण्या. ४९ प्रश्नांत घरातल्या स्थानाबद्दलचे प्रश्न आहेत, आम्ही ते विचारलेही होते. त्यांनी ‘त्रास नाही’ म्हटलं होतं, कारण सून शेजारीच उभी होती.

हा शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा मुद्दा आम्हाला सगळ्यात जास्त छळतो. त्या प्रश्नावलीत एक विधान आहे, आपण कुटुंबावर ओझं झालो असं वाटतं का, अशा अर्थाचं. आपल्या घरांत मुलाखत एकांतात होत नाही. मुलगा, सून, बायको, शेजारीण, सगळे बसलेले असतात. त्यांच्यादेखत ‘हो, मी ओझं आहे’ म्हणणं म्हणजे घरच्यांवर आरोप करणं. ‘नाही’ म्हणणं म्हणजे सभ्यता. मग कागदावर ‘पूर्ण असहमत’ या रकान्यात खूण होते आणि कुठल्या तरी तक्त्यात भारतीय कुटुंबव्यवस्थेचा विजय नोंदला जातो. शरीरसंबंधांबद्दलही एक प्रश्न त्यात आहे. तो आम्ही एकदाच विचारला. पुन्हा धाडस झालं नाही. प्रश्न चुकीचा आहे असं नाही, उलट फार खरा आहे. त्याला लागणारी बंद दाराची खोली आपल्याकडे नाही.

आता दुसरी बाजू. मिरकरवाड्याच्या बाजूचे एक तांडेल. होडीवर पुन्हा पाय ठेवता येणार नाही हे त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं. डावा हात छातीशी वळलेला. शेवटी आम्ही ती उभी पट्टी दाखवली, शून्य ते शंभर, खाली सगळ्यात वाईट तब्येत आणि वर सगळ्यात चांगली. ईक्यू-५डी नावाच्या पाच प्रश्नांच्या युरोपीय मापात ती असते. त्यांनी ऐंशीवर बोट ठेवलं. बायकोनं नंतर, बाहेर येऊन, तीसवर ठेवलं. कोणाचं खरं?

पुस्तकं सांगतात, की रुग्णाबद्दल घरच्यांनी दिलेले गुण रुग्णाच्या स्वतःच्या गुणांपेक्षा बहुधा कमी असतात. हेही सांगतात, की मोठं अपंगत्व आलेली बरीच माणसं आपलं जगणं चांगलं म्हणतात. यावर १९९९ मध्ये आल्ब्रेख्त आणि डेव्हलिगर यांनी ‘अपंगत्वाचा विरोधाभास’ म्हणून लिहिलं, त्याची चर्चा अजून चालू आहे. त्याआधी १९८४ मध्ये केनेथ कॅल्मन यांनी मांडलं होतं, की जगण्याची प्रत म्हणजे आशा आणि वास्तव यांतलं अंतर. वास्तव सुधारलं तरी अंतर कमी होतं, आशा खाली आणली तरीही. आमचे तांडेल सकाळी जेट्टीवर जाऊन बसतात, वाऱ्याचं काय म्हणणं आहे ते पोरं अजून त्यांना विचारतात. त्यांचे ऐंशी तिथून येतात. बायकोचे तीस रात्री तीनदा उठण्यातून, औषधाच्या बिलातून आणि मासळीच्या बंद झालेल्या वाट्यातून येतात. आम्हाला विचाराल तर दोन्ही खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या माणसांच्या जगण्याचे आकडे आहेत. चूक तेव्हा होते, जेव्हा रुग्ण बोलू शकत नाही म्हणून बायकोचे तीस त्याच्या नावावर लिहिले जातात, किंवा त्याचे ऐंशी बघून घरात सगळं आलबेल आहे असं समजलं जातं.

बायकांचं वेगळं बोलायलाच हवं. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा काही मुलींच्या जन्माचा विक्रम नाही, आपले पुरुष मुंबईत असतात त्याची ही नोंद आहे. गावात मागे राहिलेल्या घरात ज्याच्या अंगावरून वारं जातं त्याला उचलणारी बहुधा बायको किंवा सून असते, आणि ती स्वतः साठीची, गुडघे दुखणारी. मुलगा गणपतीला येतो, पैसे देतो, व्हीलचेअर आणून देतो, ती पाखाडीमुळे पडवीत कपडे वाळत घालायला उपयोगी पडते. बार्थेलसकट बहुतेक मापं ‘स्वावलंबन’ या एका मूल्यावर उभी आहेत, दुसऱ्याची मदत लागली की गुण कापले. पाश्चात्त्यांचं हे एकलकोंडं मूल्य आहे, आपल्याकडे सेवा हा धर्म आहे, अशी टीका ऐकायला गोड लागते. आम्हीही सुरुवातीला तीच करणार होतो. आमच्या तिसऱ्या सहकाऱ्यांनी थांबवलं. म्हणाल्या, ‘सेवा केली म्हणून माझं कौतुक सगळ्यांनी केलं, पण सात वर्षांत मला कोणी एकही प्रश्न विचारला नाही.’ सांभाळणाऱ्याच्या ताणासाठी वेगळी प्रश्नावली आहे, १९८० पासून आहे, झारिट यांची. आपल्याकडे ती प्रबंधात वापरतात. घरी येणाऱ्या कोणाच्या पिशवीत ती आम्ही पाहिली नाही.

मग मोजूच नये का? आम्हाला तसं अजिबात म्हणायचं नाही. मोजल्याशिवाय काय दिसत नाही याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं तपासली. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे शंभरात चौदा, पक्षाघाताचे. तिथल्या मृत्यूंचं ते सगळ्यात मोठं कारण ठरलं. तोवर पक्षाघात हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा आजार अशी समजूत होती. मुंबईत डॉ. पी. एम. दलाल यांच्या गटानं २००५ आणि २००६ अशी दोन वर्षं एका वस्तीतले पहिलेपणाचे पक्षाघात मोजले; दर दहातले तीन जण २८ दिवसांच्या आत गेले. म्हणजे सात राहिले. मेलेले आपण मोजायला शिकलो, हे काम थोर आहे. त्या सातांचं पुढे काय, यासाठी आपल्याकडे अजून बार्थेलचाच कागद.

आणि आकड्यांवर निर्णय होतात, म्हणून ही चर्चा केवळ शब्दांची नाही. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ‘अटेंड’ या भारतीय चाचणीचा निकाल आला. १४ इस्पितळं, १,२५० रुग्ण. घरच्यांनाच प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्यायाम करवून घेतला तर फायदा होतो का, हा प्रश्न होता. सहा महिन्यांनी मृत किंवा परावलंबी असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के. फायदा नाही. चाचणी शिस्तीत झाली, निकाल प्रामाणिकपणे छापला, त्याबद्दल शंका नाही. इतर मापंही त्यात होती. पण मुख्य निकाल कशावर ठरला? रँकिनच्या त्या एका आकड्यावर. त्या आकड्याला नारळ कोण खोवतं, पंगतीला कोण बसतं हे दिसतच नाही. आमचं म्हणणं इतकंच, की ‘फायदा नाही’ हे वाक्य पूर्ण नाही. ‘रँकिनला दिसेल असा फायदा नाही’ असं ते वाचावं.

दुसरं, पैशाचं. कोणत्या उपचारावर सरकारनं खर्च करावा हे ठरवण्यासाठी २०१७ पासून आपल्याकडे आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा आहे. तिथे आयुष्याच्या वर्षांना जगण्याच्या प्रतीनं गुणतात. ती प्रत ईक्यू-५डीच्या पाच प्रश्नांवरून काढतात, आणि २०२२ मध्ये त्यासाठी भारताचा स्वतःचा मूल्यसंच प्रसिद्ध झाला. इंग्लंडचे आकडे उसने घेण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. पण त्यात शून्य म्हणजे मृत्यू, आणि पाचही बाबतीत सगळ्यात वाईट अवस्थेचं मूल्य उणे ०.९२३ आहे. म्हणजे मरणापेक्षा वाईट. हे मूल्य कोणी ठरवलं? त्या अवस्थेत असलेल्यांनी नव्हे. सर्वसाधारण नागरिकांना अशा अवस्थांचं वर्णन देऊन विचारलं गेलं, जगात बहुतेक ठिकाणी असंच करतात. तुम्हाआम्हाला अंथरुणाला खिळणं मरणापेक्षा वाईट वाटतं, कारण आपण अजून खिळलेलो नाही. आमच्या तांडेलांना विचारलं असतं तर त्यांनी त्या हिशेबाची होडीच उलटवली असती.

शेवटी ज्यांना कोणीच मोजत नाही त्यांच्याबद्दल. पक्षाघात झालेल्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांची वाचा जाते किंवा बिघडते. समजतं, पण शब्द येत नाही. किंवा भलताच शब्द येतो. आम्ही एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. त्यांना एकच शब्द येतो, ‘चला’. पाणी हवं तरी चला, राग आला तरी चला. आणि संध्याकाळी दिवा लागला की हेच गुरुजी रामरक्षा अडखळल्याशिवाय पूर्ण म्हणतात. पाठ असलेलं, लयीतलं बोलणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं, त्यामुळे हे घडतं. त्यात चमत्कार काही नाही, पण घरच्यांना दरवेळी आशा वाटते. त्यांच्यापुढे ४९ प्रश्न वाचायचे कसे? बहुतेक अभ्यासांत ‘उत्तर देऊ शकत नाही’ म्हणून अशा रुग्णांना वगळतात. म्हणजे जगण्याची प्रत सगळ्यात खालावण्याची भीती ज्यांच्या बाबतीत, नेमके तेच सरासरीतून बाहेर, आणि सरासरी त्यामुळे थोडी बरी दिसते.

यावर काम झालेलं नाही असं नाही. लंडनमध्ये कातेरिना हिलारी यांनी २००३ मध्ये त्याच ४९ प्रश्नांवरून, वाचा गेलेल्यांनाही सोबत बसून विचारता येतील असे ३९ प्रश्न केले. प्रश्न लहान, अक्षरं मोठी, उत्तर बोट ठेवून देता येतं. कन्नड, मल्याळम, हिंदीत त्याच्या आवृत्त्या झाल्या. गुरुजींसाठी आम्ही घरच्या घरी त्या धर्तीवर मोठ्या अक्षरांत पाच ओळी लिहून नेल्या. शेवटची ओळ होती, ‘मला शाळेतलं कोणी भेटायला यावं असं वाटतं.’ गुरुजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि उचललंच नाही. बायको म्हणाली, ‘अहो, यांना बोलता येत नाही, उगीच कोणाला त्रास नको, म्हणून मीच सगळ्यांना सांगितलंय, येऊ नका.’ दोन वर्षं कोणी आलं नव्हतं. गुरुजी म्हणाले, ‘चला.’

हा प्रश्न कोणत्याही मापात जसाच्या तसा नाही, आणि त्याला गुण किती द्यायचे ते आम्हाला माहीत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांचे दोन विद्यार्थी जाऊन बसले, एवढं मात्र झालं.

आमची फेरी आता पावसात होणार आहे. त्याच घरांत, तेच प्रश्न, पाखाडीवर शेवाळ असताना. काकूंना यावेळी सून बाजारात गेल्यावर भेटायचं ठरवलंय. इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी असं कोणी असेल आणि ज्यांना आमच्याबरोबर बसून प्रश्न वाचायचे असतील, त्यांनी मागच्या टेबलावरच्या वहीत नाव लिहावं. मोठ्या अक्षरांतले कागदही तिथेच ठेवलेत, हवे तेवढे न्या. आता तुमचे प्रश्न घेऊ.